ओसरीत अडकलेले गळ

डेलफीन, आधी गाठ.
दोरा दुहेरी करून गळाच्या नेढ्यातून ओव,
सैल गाठ मार, मग फासातून अख्खा गळ काढ,
आणि आवळण्याआधी थुंकी लाव.
कोरडी गाठ आवळताना भाजते,
आणि नेमका मोठा मासा आला की दगा देते.
मी करून दाखवली असती,
पण यंदा बोटं माझं ऐकत नाहीत.
तू बांध. मी ओढून बघतो.

शनिवारी नॉक्सव्हिलहून गिऱ्हाईकं येतील,
चारशे डॉलरची रिळं, टॅकल बॉक्समध्ये
ख्रिसमसच्या झाडासारखी चमचमणारी आमिषं.
हसू नकोस. "छान आहे," म्हण,
आणि त्यांच्या हातात रबरी गांडूळ दे:
पाणी निवळ असेल तर कच्च्या भोपळ्याच्या रंगाचं,
पाऊस होऊन गढूळलं असेल तर काळं.
पुढे पाव औंसाची टोकदार शिशाची गोळी.
गळाचं टोक पुन्हा रबरातच लपव;
खाली सगळी बुंधांची गर्दी आहे,
धरणाच्या लोकांनी झाडं कापली, मुळं तशीच सोडली.

पडद्यावर तुला पिवळ्या रेघा दिसतील.
त्या वाच, पण रॉडच्या टोकानंही वाचायला शीक.
चिखलात शिसं लोण्यात सुरी जावी तसं जातं.
टकटक ऐकू आलं, हाताला, कानाला नव्हे,
तर तो मर्सरचा रस्ता.
त्याच्या कडेनंच बास उभा असतो, उन्हाळ्यात,
जिथे आम्ही शाळेची बस यायची वाट बघत उभे असायचो.
मी सात वर्षांचा होतो दारं पडली तेव्हा.
थडगी वर टेकडीवर हलवली होती. पाणी हळूहळू आलं,
आधी बटाट्याच्या शेतात.

मासा लागला हे कसं कळतं, विचारतील.
धक्का बसेलच असं नाही.
कधी दोरा नुसता आडवा चालू लागतो,
कधी हातातलं वजनच नाहीसं होतं,
कुणी खालून ओझं उचलून घ्यावं तसं.
तेव्हा श्वास सोड, ढील गुंडाळ, रॉड खाली,
आणि मगच झटका. घाई करणाऱ्याला
मी आयुष्यभर तळलेलं अंडं खाताना पाहिलंय, मासा नाही.

डॉगवुड फुलली की नर उथळ पाण्यात घरटं राखतो.
पिल्लांवरून हलत नाही, म्हणून सहज सापडतो.
म्हणूनच सोडून दे त्याला. गिऱ्हाईक चिडेल,
त्याला कॉफी पाज.
हात ओला करून धर, अंगठा खालच्या जबड्यात,
पोटाखाली दुसरा तळवा. फोटो एकच.

आणि शेवटची जागा. कागदावर लिहू नकोस.
चर्चच्या पायऱ्यांपासून पूर्वेला पाच बोटींचं अंतर.
घर पाडलं होतं आमचं, ओसरी दगडी म्हणून राहिली.
चौदा फुटांवर. तिच्याखाली एक मासा आहे,
किंवा त्याचा नातू, मला आता फरक कळत नाही.
लहानपणी आई चार हाका मारायची
तरी मी घरात यायचो नाही.
मग साठ वर्षं, कुणी बोलावलं नसताना,
त्याच दारात दोरा टाकत राहिलो.
अकरा गळ अडकलेत माझे तिथे.

तुझा अडकला तर हिसका देऊ नकोस.
बोट पलीकडे ने, उलट्या बाजूनं ढील सोड,
दोऱ्यावर हलकेच टिचकी मार, जशी सतारीला;
हो, मला सतार माहीत आहे,
तुझा तो रूममेट वाजवायचा ना.
दहात सात वेळा सुटतो.
नाही सुटला तर तोड.
बारावा म्हणून मोज, मला सांगू नकोस.