अकरा अंश

हॉग्नी आला सोमवारी,
हातात लाकडी पेटी, कानामागे पेन्सिल.
डेकवर पाय ठेवायच्या आधीच विचारलं,
"कितीनं चुकतं?"
म्हटलं, "अकरा अंश. कधी बारा.
धुक्यात तर मी बघतच नाही त्याच्याकडे."
"आणि हवा उघडी असली की?"
"तेव्हा डोंगर दिसतात ना."
तो हसला नाही.

क्लाक्सविकच्या खाडीत आम्ही बोट फिरवत राहिलो,
दाव्याला बांधलेल्या गुरासारखी, गोल गोल,
आठ दिशांना आठदा थांबत.
प्रत्येक थांब्याला तो चर्चच्या छपरावरल्या क्रूसावर नेम धरी
आणि वहीत आकडा लिही.
मी सुकाणूवर,
त्या छपराकडे पाठ करून उभं राहायची सवय झालेला.
अकरा वर्षं.
अंशाला एक वर्ष, असं मनात आलं
आणि मी इंजिनाकडे कान वळवला.

"सुईच बिघडलीय," मी म्हणालो.
"सुई आज्ञाधारक असते," तो म्हणाला, "फार.
जे लोखंड जवळ, त्याचं ऐकते.
उत्तर लांब आहे. बोलतंही हळू."

त्यानं चुंबकाच्या कांड्या काढल्या, काडेपेटीतल्या काड्यांएवढ्या.
एक बसवली, वळा. दुसरी बसवली, पुन्हा वळा.
मी दर वेळी म्हणायचो, हे घ्या, आता उत्तर.
होकायंत्र थरथरत विचारायचं,
हो का?

दुपारी त्यानं पेटी मिटली.
"इथं असं काहीतरी आहे
जे रोज थोडं हलतं.
हलणाऱ्यावर माझ्याकडे औषध नाही."
आणि होकायंत्राखालचा खण ओढला.

गळाची दोरी. एकच हातमोजा.
त्याखाली, तेलकट फडक्यात, बापाचा सुरा.

तो सामलला मिळायचा होता.
बापानं मरताना सगळ्यांदेखत सांगितलं होतं, थोरल्याला.
मी उचलला मातीच्याच रात्री,
कारण बोट मी हाकत होतो,
कारण म्हाताऱ्याचं हगणंमुतणं मी काढलं होतं,
कारण सामल कोपनहेगनहून तिसऱ्या दिवशी उगवला.
कारणं पुष्कळ होती. सगळी पोलादाची.
पाळीवर एकटा असलो की मी फडकं सोडायचो,
पातं पाहायचो, आणि परत ठेवायचो.

प्रभुभोजनाला सामल माझ्या शेजारी गुडघे टेकायचा
म्हणून मी वेदी सोडली.
मग बाक.
मग जेवणाआधीचे दोन शब्द.
आणि बायकोला सांगत आलो
की देव दूर गेलाय.

हॉग्नी सुरा घेऊन धक्क्यावर जाऊन उभा राहिला.
सुई वळली,
झोपेतल्या पोरानं आईकडे कूस बदलावी तशी,
कुणी न सांगता.

"समुद्रात टाकू?" मी ओरडून विचारलं.
"का? याला मालक नाही?"

सामलच्या घराची चढण मी त्याआधी
इतकी उभी कधी पाहिली नव्हती.
वाटेत दोनदा वळलो. एकदा तर थेट खालच्या फाटकापर्यंत.
प्रार्थना म्हणावी असं काही आठवेना,
फक्त, तू ओढ, तू ओढ, माझ्यानं होत नाही.

त्यानं दार उघडलं. फडकं उघडलं.
अंगठ्यानं गंज चाचपला
आणि म्हणाला, "धारही लावली नाहीस."
दुसरं काही नाही.
आत जाऊन पाथरी आणली, बसला, घासत राहिला.
मी उंबऱ्याशी, टोपी हातात,
पोलादाचा आवाज ऐकत.
बऱ्याच वेळानं त्यानं खुंटीवरलं सुकं मटण उतरवलं,
दोन कापे काढले,
एक टेबलाच्या माझ्या बाजूला सरकवला.

मी खाल्ला. रडलो की नाही ते सामलला विचारा.

बिलाबरोबर हॉग्नीनं एक तक्ता धाडला,
तो सुकाणूच्या वर खिळ्याला टांगलाय.
आठ दिशा, आणि प्रत्येकीपुढे
अजून उरलेली चूक: कुठे एक अंश, कुठे दोन.
खाली लिहिलंय,
शून्य कुठल्याच बोटीचं नसतं. दर वर्षी बोलवा.

रविवारी मी वेदीशी गेलो.
गुडघा कुरकुरला.
शेजारी सामल, कोटाला मेंढ्यांचा वास,
आणि माझं मन तेवढ्यातही
बोटीच्या वाट्याचा हिशेब मांडायला निघालं.
एक अंश, म्हटलं. दोन.
प्रभू, हे बघ, पुन्हा.
आणि हात पुढे केले.