नेलीकडे

जर्मनीशी लढाई जुंपली त्या आठवड्यात
सेप्टिमस ऑक्सलीनं भिंतीला शिडी लावली
आणि पबच्या पाटीवरच्या प्रशियाच्या राजाची
मिशी खरवडली, टोपी बदलली,
अंगावर निळा कोट चढवला.
दिवेलागणीपर्यंत तो इंग्लंडचा ॲडमिरल झाला.
डोळे तेवढे राहिले.
डोळ्यांचे पैसे मालकानं दिले नव्हते.

पुढे खाणवाल्यांना ॲडमिरल नकोसा झाला.
समुद्र इथून नऊ मैलांवर,
आणि सगळं गाव जमिनीखाली.
मग त्याच्या हातात दिवा आला, गालावर काजळी.
'द सेफ्टी लॅम्प'.
पाळी संपवून येणारे म्हणायचे,
हा खाणमजूर आपल्याकडे असा काय बघतो,
जशी आपण त्याची फौज!

खाण बंद पडली त्याच्या दुसऱ्या वर्षी
लंडनहून एक कंपनी आली, सोबत कागदी छत्र्या घेऊन,
ग्लासात खोचायच्या.
नाव 'फ्लमिंगो'.
सेप्टिमसचा नातू विल्फ शिडीवर चढला.
पाट्या टाकणं हा त्यांच्या घरातला खराखुरा धंदा.
पक्षी बाजूनं काढला तर एकच डोळा दिसतो,
हे विल्फला माहीत होतं.
त्यानं दोन्ही ठेवले.
एका पायावर उभा, गुलाबी,
चिडलेला राजा.

त्यानंतरची नावं मला सांगता येणार नाहीत,
एकोणीस वर्षं मी तिथंच बिअर ओतत होते तरी.
कंपन्यांनी नाव ठेवावं,
आम्ही नावं ठेवावीत,
आणि घरून निघताना म्हणावं,
जरा नेलीकडे जाऊन येतो.

नेली रेन. नवरा छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळला
म्हणून अकरा महिने गल्ला तिच्याकडे.
सव्वीस सालची टाळेबंदी. खाणीच्या फाटकाला कुलूप,
घराघरांत शिजवायला सलगम, तेही दुसऱ्याच्या शेतातलं.
दाराच्या मागे एक पाटी होती, दगडी,
तिच्यावर खडूनं सगळ्या गावाची उधारी.
ब्रुअरीचा माणूस वही घेऊन वसुलीला आला
तेव्हा नेलीनं ओला एप्रन उचलला
आणि एका हातानं पाटी पुसली,
दुसऱ्या हातानं त्याला खुर्ची दिली.
महिन्याभरात तिला काढलं.
पुढं ती कुठं गेली याबद्दल तीन गोष्टी आहेत,
तिन्ही खोट्या असाव्यात.
बाहेरच्या पाटीवर तिला कुणी कधी रंगवलं नाही.

तर नोव्हेंबरातली ती रात्र.
विल्फ डार्ट्स फेकता फेकता खाली बसला,
मग आडवा झाला.
(वाचला तो. आधीच सांगून टाकते,
नाहीतर मला हे लिहवलं नसतं.)
मी फोन लावला. पलीकडे एक पोरगी,
आवाज दूरच्या शहरातला. जागेचं नाव काय?
मी चौदा जणांकडे बघितलं.
चौदा जणांनी एकमेकांकडे.
त्या वर्षात दुसऱ्यांदा बदललं होतं.
मी फोन कानाशी धरून बाहेर पळाले, वाचायला.
वरचा बल्ब मार्चपासून गेलेला.
आता पाट्या रंगवत नाहीत, छापून चिकटवतात,
आणि प्लास्टिक एका कोपऱ्यात सुटलं होतं.
तिथून मला दिसला फक्त
एक डोळा.

आत आले. सगळे माझ्या तोंडाकडे.
तेवढ्यात फरशीवरून विल्फ बोलला,
ज्यानं आणि ज्याच्या आजोबानं
इथली बहुतेक नावं स्वतःच्या हातानं लिहिली होती तो,
पांढऱ्याफटक ओठांनी,
मला वेड्यात काढत असल्यासारखा,
"अगं, नेलीकडे आहोत म्हणून सांग की."

मी सांगितलं.
पोरगी टाइप करत होती, मला ऐकू येत होतं.
मग म्हणाली,
बरं. त्या नेलीबाई तिथं हजर आहेत का?
जरा त्यांच्याकडे फोन द्या.