कल्हई

सोहार सोडून डोंगराकडे वळलं की हुजैरा.
वर तांब्याची जुनी खाण, दाराला साखळी,
साखळीवर हिरवा गंज.
खाण बंद झाली, तिचं आंबट पाणी नाही झालं.
ज्या वर्षी पाऊस पडतो त्या वर्षी ते उतरतं
आणि हमूदच्या वाफ्यांत येऊन मुरतं.

प्रयोगशाळेच्या थुरय्यानं मातीच्या निवळीत
कागदाची पट्टी बुडवली.
पट्टी लाल, आमसुलाच्या आगळासारखी.
ती आकडे सांगत राहिली, मला आईचा शब्द आठवला :
कळकली.
कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक राहिलं
की होतं तसं. आधी जीभ ओळखते, मग पोट.

ताक ओतून देता येतं.
जमीन कुठं ओतणार?

मासळीबाजारामागे शिंपल्यांचा ढीग
माणसापेक्षा उंच, वर माश्यांचं राज्य.
दादकरीम ट्रक भरून देतो, पैसे घेत नाही,
उलट आभार मानतो.
आमच्या खाडीवर मामाची चुन्याची भट्टी होती.
गावानं खाल्लेल्या तिसऱ्या, मुळे, कालवं,
सगळ्यांची टरफलं शेवटी त्याच्याकडे.
एक थर शिंपले, एक थर करवंट्या,
रात्रभर धग, सकाळी पाणी शिंपडलं
की फसफसून उठायचं पांढरं.
इथं भट्टी नाही. रस्त्याचा जुना रोलर आहे,
आणि टेकबहादूर, आणि मी.
कडकड, कडकड, दिवसभर,
कोणीतरी पापड मोडतंय असं.

हमूदला म्हटलं, आमच्यात चुना लावणं म्हणजे फसवणं.
मला इथं आणणाऱ्यानं लावला होता,
क्रेन सांगितली, हातात फावडं दिलं.
तो इतका हसला की मिसर सुटला डोक्यावरचा.
"लाव, बरब," म्हणाला, "जमिनीला लाव."
(मी परब. ‘प’ त्याच्या जिभेवर रुजत नाही.)

पहिल्या खेपेला खरंच फसवली आम्ही तिला.
शिंपल्यातलं मीठ कोणाच्या ध्यानात नव्हतं.
लसूणघास बोटभर वर आली आणि कडेकडेनं जळाली.
थुरय्या म्हणाली, आधी धुवा.
धुवायला पाणी.
आणि फलजचं पाणी इथं मिनिटांत वाटलेलं,
बापानं मुलाला मिनिटं ठेवायची, शेत नंतर.

त्या गुरुवारी हमूदनं आपली चाळीस मिनिटं
खजुरांकडे जाऊ दिली नाहीत.
दगड सरकवला, पाट वळवला,
आणि स्वतः शिंपल्यांत उतरला, दिश्दाशा गुडघ्यापर्यंत खोचून.
झाडांकडे पाठ करून उभा होता.
मी काही बोललो नाही.
ही काही बोलायची गोष्ट नव्हे.

आता एका कोपऱ्यात, खाट मावेल एवढ्या जागेत,
हिरवं टिकलंय.
थुरय्यानं पट्टी बुडवली, जांभळट निघाली.
तांबं गेलं का, मी विचारलं.
"तांबं कुठं जातंय? आहे तिथंच आहे.
पाण्याशी त्याचं बोलणं बंद झालंय, एवढंच."

रात्री नखांतून पांढरं निघत नाही.
फोनवर आई विचारते, काय पिकवतोस?
काय सांगू? परातीला आतून हात फिरवतोय म्हणतो.
तिला कळतं.

घास कापून थुरय्या पिशवीत घालून घेऊन गेली.
निकाल यायला तीन आठवडे.
तोवर हमूदची करडी शेळी
कुंपणाच्या तारेत तोंड घालून उभी असते,
आणि आम्ही तिघंही आळीपाळीनं
तिची समजूत काढतो.