दुसरा ब्रेक

वर्तकनगरहून टीएमटीने आलो.
वळण आलं की माझा उजवा पाय
बसच्या पत्र्यावर दाबला जायचा, आपोआप.
शेजारची बाई म्हणाली, काका, पाय.

कोर्ट नाका.
सत्तावीस वर्षं शिकाऊंना सांगत आलो,
कोर्ट आलं, सेकंड टाक,
इथे माणसं कुठूनही आडवी येतात.
आज मी आडवा गेलो.
एका पोराने गाडी थांबवली, अगदी नियमाने.

फाटकाशी टायपिंगवाल्याने विचारलं, भाडेकरार?
नाही.
मग घटस्फोट?
लायसन, म्हटलं.
त्याचा चेहरा पडला. त्यात पैसे नसावेत.

आत बाकावर चेक न वटलेले, हाणामारीतले,
आणि दारू पिऊन स्कूटर चालवलेला एक,
कडक इस्त्रीच्या शर्टात.
पुकारा झाला: विद्याधर चोरी!
सगळ्यांनी वळून पाहिलं.
चुरी, मी म्हटलं. चु-री. केळव्याकडचे आम्ही.
शिपाई म्हणाला, तेच ते.

गुन्हा असा, की माजिवड्याच्या सिग्नलला
गाडी चालवत फोनवर कुणाला तरी फी सांगत होतो.
तीन महिने लायसन निलंबित.
आरटीओत जमा केलं, घरी बोललो नाही.
दुसऱ्या दिवशी साडेसहाला पहिली बॅच होती.
गेलो.
असे बावन्न दिवस गेलो.
शिकवणाऱ्याला कोण विचारतो?
त्रेपन्नाव्या दिवशी पातलीपाड्याच्या पुलावर
रिद्धी नावाच्या मुलीची गाडी चढावर बंद पडली,
मागे कंटेनर, ती रडायला लागली.
म्हटलं, सरक.
खाली उतरलो तर ठोंबरे हवालदार, हातात मशीन.

वकील म्हणाले होते, ती पोरगी पुढे करा,
जिवावरचा प्रसंग होता म्हणा.
म्हणता आलं असतं.
पण उरलेले बावन्न दिवस
कुणाच्या जिवावर आलं होतं?

गुन्हा कबूल आहे?
मॅडम समोरून विचारत होत्या.
समोरून मला माणूस कळत नाही.
माझी सगळी ओळख बाजूने:
डावा कान, कानातली कुडी,
कानशिलावरून उतरणारा घाम,
गियरवर पांढरी पडलेली मूठ.
मग त्या स्टेनोकडे वळल्या
आणि कानामागे एक तीळ दिसला.
हा तीळ मी महिनाभर पाहिलाय कधीतरी.
दोन हजार आठ? नऊ?
लॉ करणारी कुणी, क्लच झटकन सोडायची,
गाडी बंद पडली की स्वतःवरच चिडायची.
की दुसरीच कुणाची मुलगी.
विचारलं नाही.
कठड्याखाली पाय चाचपत होता,
तिथे ब्रेक नव्हता.

कबूल, म्हटलं.

दहा हजार. न भरल्यास साधी कैद,
किती दिवसांची ते नीट ऐकू आलं नाही.

खिशात सहा होते.
बाहेर येऊन शालनला फोन लावला,
रस्त्याच्या कडेला, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून.
सगळं सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाली,
पाकिटातली लायसनची खाच
दोन महिने रिकामी आहे,
मला काय दिसत नाही?
किती कमी पडतायत? कुठे येऊ?

रिक्षाने ये, म्हटलं.
तिला गाडी शिकवायची राहूनच गेली.