हात मागे

प्रशिक्षणाला साकोलीला पाच दिवस जाऊन आले.
तिथल्या बाई पहिल्याच सकाळी म्हणाल्या,
आधी आपले हात मागे बांधायला शिका.
मला वाटलं, प्रार्थनेचं सांगताहेत.

आमच्या अंगणवाडीत लाकडी सामानाची पेटी काही आली नाही.
मी घरून सासऱ्यांची धान मोजायची मापं आणली,
अधोली, शेर, मापटं, चिपटं, कोळवं.
एकाच्या पोटात एक.
चुकलं की माप अडतं,
मला बोलावं लागत नाही.

बोडीकाठची वाळू चाळून
पुठ्ठ्यावर डिंकानं अक्षरं चिकटवली.
खुशालीनं डोळे मिटून बोट फिरवलं
आणि म्हणाली, हा तर मोहाचा म.

लोमेश साडेतीन वर्षांचा.
त्याला फक्त पाणी ओतायचं असतं,
गडूतून पेल्यात, पेल्यातून गडूत.
सोमवारी. मंगळवारी. बुधवारी.
त्याची आजी दारात उभी राहून म्हणते,
"काहून बाई, पोट्ट्याले पाणक्या बनवतं का?
तिकडं लाखांदूरचे पोट्टे ए बी सी डी म्हणतेत."
मी काय सांगणार,
मलाच अजून पुरतं कळलं नव्हतं.

गुरुवारी गडू कलंडला.
मी फडकं घेऊन अर्धी उठले, अर्ध्यात बसले.
फडकं पुन्हा त्याच्या उंचीच्या खुंटीवर.
पाठीमागे एका हातानं दुसरा घट्ट धरला,
सोडेल तर शपथ.
पाणी सतरंजीकडे निघालं होतं.
त्यानं पाण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.
मी खिडकीतून पळसाकडे.
तो उठला. फडकं काढलं.
अर्धं पुसलं. पिळलं, तेही अर्धंच.
आणि जीभ ओठांबाहेर काढून
पुन्हा ओतायला बसला.
बाहेर थ्रेशर सुरू झाला,
आत कोणी मान वर केली नाही.

माझ्या पंकेशला सात वर्षं मी घास भरवले.
बुटांच्या नाड्या आठवीपर्यंत.
गावातल्या बाया म्हणायच्या, किती माया.
परवा नागपूरच्या होस्टेलमधून फोन, रात्री दहाला,
"आई, बटन लावताना गाठ कुठं मारायची?"
मी सांगायला लागले, आणि थांबले.
म्हटलं, तुला काय वाटतं?
पलीकडे नुसता पंख्याचा आवाज.
मग फोन कटला.
रेंज गेली असेल.
तसं मी स्वतःला दोनदा सांगितलं.

आज लोमेशनं पेला काठोकाठ भरला
आणि नेमका तिथंच थांबला.
दोन्ही हातांत धरून, पावलं मोजत,
दाराशी आजीकडे निघाला.
"सांडवशील रे..." म्हणत तिचा हात पुढे आला.
मी काही बोलले नाही.
माझे हात मागेच होते, तिला दिसत होते.
तिचा हात मध्येच राहिला,
ना पेल्यापाशी, ना पदरापाशी.