डाव्या गालाचा रिपोर्ट

सोहारला मासळीबाजाराच्या मागं
औषधाच्या दुकानावर दुसरा मजला.
'मिस्टर हनामंट' अशी हाक आली.
अर्ध्या दिवसाचा पगार कापून घेऊन
मी उठलो.

खुर्ची आडवी झाली.
कोट्टायमची शर्ली सिस्टर, तिनं
नारिंगी काचेचा चष्मा माझ्या डोळ्यांवर चढवला.
मला हसू आलं.
एकोणीस वर्षं रोज सकाळी
मी काच खाली ओढतो नि मग ठिणगी पाडतो,
हेल्पर पोरांवर ओरडतो, बघू नका रे, बघू नका.
आज काच माझी
आणि उजेड दुसऱ्याचा.

डॉक्टरीण सुदानची, इब्तिसाम.
नावाचा अर्थ हसू, शर्लीनं सांगितलं,
पण बाई कामात हसत नाही.
हातात पेनाएवढी नळी, टोकाशी तांबडा ठिपका.
'खरा उजेड दिसत नाही,' म्हणाली,
'हा नुसता त्याचा पत्ता.'

करकर नाही, ठिणगी नाही.
थुंकी ओढणाऱ्या नळीचा सुस्कारा,
आणि मग वास.
हातमोज्याला भोक पडलं की येतो, तो.
गाल बधिर, त्यामुळं
वासही दुसऱ्या कुणाचा वाटला.

तिथं काय ठेवत होतो, ते बाईनं विचारलं नाही.
बरोबर तिथंच बोट ठेवलं.
बकाल्यात तांदळाच्या पोत्यामागं पुडी मिळायची,
गावाकडच्या दसपट दरानं.
टाकीच्या पोटात एकट्यानं वाकून काम,
बोलायला कोण नाही,
ती असायची गालात.
मग सायीसारखा पांढरा चट्टा आला.
म्हटलं, दात लागला असेल.
आठ महिने म्हटलं.

'टाके नाहीत, रक्त नाही.' तिनं आरसा दिला.
मी आधी कड बघितली, सवयच ती.
एका हाताचं काम, कुठं थरथर नाही.
शाबास म्हणणार होतो, जीभ वळेना.

नखाएवढा तो तुकडा
तिनं बाटलीतल्या पाण्यात सोडला,
वर माझं नाव लिहिलं.
'मस्कतला जाईल. दहा दिवस.'

माझ्या जोडांचे फोटो निघतात.
रात्री सगळ्यांना हाकलून, दोरी बांधून
पाइपच्या आरपार बघतात.
सकाळी साहेब कागद घेऊन येतो
तेव्हा मी चहा पीत असतो, निवांत.
एकोणीस वर्षांत सात फेल.
तेही कापून पुन्हा जोडले.

जिन्यातच शालनचा फोन.
म्हटलं, दाढ ठणकत होती, उजेडानं शेकली.
'उजेडानं? महाग असंल.'
कंपनी देते, म्हटलं.

खाली एकजण सुरमईवर बर्फ पसरत होता.
बर्फ नारिंगी, सुरमई नारिंगी,
पलीकडं समुद्रसुद्धा.
उभा राहून बराच वेळ बघितलं.
मग शर्ली धावत आली, धापा टाकत,
'भैया, चष्मा!'

काढून दिला.
उन्हानं डोळे मिटले.