बुडबुडा

बाटली काठोकाठ भरायची,
पाण्याला वर पोट येईपर्यंत.
मग टोपण. मग उलटी करून उजेडात धरायची:
एकही बुडबुडा नको.
राहिला, तर जे मोजायचं
तेच त्यात जाऊन बसतं
आणि आपण पुण्याच्या लॅबला
नुसतं पाणी पाठवतो.

हे शिकून दोनच वर्षं झाली.
त्याआधीची पंधरा, नळीत दोन थेंब टाकायचे,
पाणी हळदीसारखं झालं की
वहीत बरोबरची खूण, आणि चहा.

फिल्टर हाऊसवर बाळगोंडा अजून तेवढंच मानतो.
श्रावणात पंचगंगेचं पाणी वर येतं ते
उसाचा पाला, पानं, कुजलेलं काय काय घेऊन.
तो डोस वाढवतो.
क्लोरीन आधी जंतू मारतो,
मग उरलेला हात त्या कुजक्याला लावतो.
त्यातून जी चार लेकरं होतात
त्यांची नावं बाळगोंडाच्या जिभेवर बसत नाहीत.
"ट्राय... काय?
मॅडम, मी काविळीचं वर्ष बघितलंय.
आमच्या गल्लीतनं आठवड्यात तीन तिरड्या.
तुमचं ते किती वर्षांनी मारतंय?"
तीस, म्हणते मी. चाळीस.
कदाचित नाहीच.
तो चाक अर्धा आटा फिरवतो.
कुठल्या बाजूला, ते मी बघत नाही.

लक्षतीर्थ वसाहतीत, लाइन जिथं संपते,
जैतुनबी मुल्लाणींचा नळ.
नमुन्याआधी पाच मिनिटं पाणी सोडायचं, असा नियम.
त्या खाली बादली सरकवतात, मग कळशी, मग पातेलं.
"आज वास हाय बघा.
वास असला की जीव जाग्यावर ऱ्हातोय."
मी म्हणते, पिण्याचं रात्रभर उघडं ठेवत जा,
बरंचसं उडून जातं.
"आन् परवा आशाताई सांगून गेली,
झाकून ठेवा, डास हुत्यात.
एक काय ते ठरवा की तुमी दोघी."

मी बाटली भरते. उलटी करते.
ज्वारीच्या कणीएवढा, एक.
"वतू नगासा!" त्या हात आडवा घालतात,
"जास्वंदीला घालतो."
यात पावडर आहे, मी म्हणते.
"जास्वंदीला बाधतंय काय?"
हे कुठल्याच वहीत नाही.

दुसरी बाटली.
पोट येईपर्यंत. टोपण. उलटी.
उन्हात धरून आम्ही दोघी बघतो.
आत काहीच दिसत नाही.

बरोबर आहे, मी म्हणते,
आणि चिठ्ठी चिकटवते.